तेलाचा हात

शाळेच्या नोकरीत आम्ही इतरांचे असंख्य अर्ज योग्य त्या शिफारशीसह वरिष्ठांकडे रवाना केले. कुणाला बदली हवी असे, कुणाला वैद्यकीय रजा, तर कुणाला मुलीच्या लग्नासाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल. मागणी नेमक्या शब्दांत कशी मांडावी, हे मुलांना शिकवण्यात आमची तीस वर्षे गेली. परंतु आमच्या पत्नीसाठी एक साधे वाक्य उच्चारण्याची पाळी आली, तेव्हा आमची जीभ टाळ्याला चिकटली, हे वाचकांजवळ कबूल करायला हरकत नाही. ते वाक्य असे होते : "खोलीवर येऊन मालिश करणारी एखादी बाई मिळेल काय?"

गोष्ट दिवाळीच्या सुटीतली. भाऊबीज आटोपून आम्ही उभयतां कन्याकुमारीला निघालो होतो. आमच्या अहिल्याबाईंच्या नावाची गाडी इंदुराहून निघते ती थेट केरळात जाते, याचे आम्हा इंदूरकरांना मोठे अप्रूप. या अहिल्यानगरी एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून आम्ही तिसऱ्या दिवशी एर्नाकुलमला उतरलो, तेव्हा सौभाग्यवतींचा उजवा खांदा पार जखडला होता. वास्तविक तो चार-पाच महिन्यांपासून कुरकुरत होता. वेणी घालताना हात मागे जात नसे. त्यात दिवाळीचा फराळ. चकलीचा सोऱ्या दाबणे हे किती मेहनतीचे काम आहे, हे चकली खाणाऱ्याला कधी कळत नाही. शेवटी गाडीतल्या मधल्या बर्थवर दोन दिवस चढ-उतार झाली आणि खांद्याने असहकार पुकारला.

हॉटेलात पोहोचलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. आपल्याकडे कार्तिकात आभाळ निरभ्र होते, तेथे त्याच सुमारास परतीच्या वाऱ्यांचा दुसरा पावसाळा असतो. सामान वर घेऊन आलेल्या पोराने बॅगा ठेवल्या, दाराशी घुटमळला आणि आवाज खाली आणून आम्हाला म्हणाला, "सर, मसाज चाहिए?" त्याच्या आवाजाचा उतार आम्हाला आवडला नाही. मुख्याध्यापकाच्या अंगी असलेली सारी जरब एकवटून आम्ही "नाही" म्हटले आणि दार लावून घेतले. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत या शब्दाला कसला वास येतो, हे आम्हास ऐकून ठाऊक होते.

त्या रात्री सौभाग्यवतींना झोप लागली नाही. कूस बदलली की त्या दात आवळून घेत. आम्ही "बाम लावतेस का?" असे विचारले आणि त्यांनी डाव्या हाताने स्वतःच बाम लावून घेतला, हेही येथे नमूद केले पाहिजे. पहाटे त्या म्हणाल्या, "अहो, कुणी जरा गरम तेल चोळून दिलं असतं तर बरं वाटलं असतं." केरळात बसून एका बाईला ओंजळभर गरम तेल मिळू नये, हे म्हणजे गंगेच्या काठी तहानेने व्याकूळ होण्यासारखेच झाले. सकाळी आम्ही खाली गेलो. तेथील व्यवस्थापकांसमोर दोन वेळा घसा साफ केला, हवापाण्याची चौकशी केली आणि मग ते वाक्य एका दमात बोलून टाकले.

आमच्या मनातल्या संकोचाचा त्या गृहस्थांना मागमूसही नव्हता. शाळेच्या वेळापत्रकाविषयी बोलावे तसे ते बोलू लागले. जवळच एक आयुर्वेद केंद्र आहे, तेथील बाई खोलीवर येईल. राज्याच्या पर्यटन खात्याची मान्यता असलेल्या केंद्रांत पुरुषाला पुरुषानेच आणि स्त्रीला स्त्रीनेच तेल लावायचे, असा नियम आहे. त्यांनी दूरध्वनी लावून दिला आणि केंद्रातल्या वैद्यबाईंनी सौभाग्यवतींची रीतसर झडती घेतली. ताप आहे का? रक्तदाब? मधुमेह? नुकतीच शस्त्रक्रिया? पायाची एखादी पोटरी सुजून दुखते का? जेवण होऊन किती वेळ झाला? उत्तरे समाधानकारक निघाल्यावर दुपारी चारची वेळ ठरली. एका तासाचे पंधराशे रुपये, तेल त्यांचेच. आम्ही तो आकडा व्यवस्थापकांकडून कागदावर लिहून घेतला, कारण सरकारी नोकरीत तोंडी आदेशावर विश्वास ठेवायची सवय राहत नाही.

आकडा ऐकून सौभाग्यवतींनी अपेक्षेप्रमाणे हिशेब मांडला. "पंधराशे? एवढ्यात घाण्याचं तेल चार महिने पुरेल. नको बाई!" आम्ही म्हटले, "अगं, आता ठरलं आहे. नाही म्हणालो तर शब्द जाईल." शब्द जाण्याची भीती आमच्या घरात पैशाच्या भीतीहून मोठी आहे, म्हणून निभावले.

चारच्या ठोक्याला जी बाई आली, ती आमच्या कल्पनेतल्या कोणत्याही चित्राशी जुळत नव्हती. पन्नाशीची, सावळी, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेली, खांद्याला कापडी पिशवी. आमच्या शाळेतल्या शिपाईणबाईंची ती सख्खी बहीण शोभली असती. तेथे थोरल्या बहिणीला 'चेची' म्हणतात, म्हणून आम्हीही तिला चेची म्हटले. तिने पिशवीतून मेणकापड काढून गादीवर अंथरले, त्यावर जुनी धुतलेली चादर टाकली, खोलीतल्या विजेच्या किटलीत पाणी उकळवून त्यात तेलाची वाटी ठेवली. तेल थेट विस्तवावर तापवायचे नाही, हा आपल्या आज्या पाळत तोच दंडक तिनेही पाळला. तेलाचे नाव विचारले तर म्हणाली, "धान्वंतरम्." आणि मोडक्या हिंदीत पुढे सांगितले की, वाताच्या दुखण्यावर ते लावतात, पण तिच्या मुलखात त्याचा मोठा मान बाळंतिणीच्या मालिशीत.

बाळंतिणीचे नाव निघताच सौभाग्यवती हसल्या. "म्हणजे मला सत्तावीस वर्षांनी पुन्हा तेल लागणार!" त्या थट्टेने म्हणाल्या. चेचीने आम्हाला नजरेनेच दार दाखवले आणि आम्ही खालच्या दिवाणखान्यात येऊन बसलो.

सत्तावीस वर्षे. ती थट्टा आमच्याबरोबर जिना उतरून आली. धाकट्या मुलीच्या वेळी सव्वा महिना एक बाई रोज घरी येई, आधी बाळाला आणि मग बाळंतिणीला तेल लावी, शेक देई. त्यानंतर सौभाग्यवतींच्या पाठीवरून कुणाचा तेलाचा हात फिरला? आम्ही हजेरीपट उघडावा तशी मनात नोंदवही उघडली. आमच्या आईच्या शेवटच्या तीन वर्षांत तिच्या गुडघ्यांना रोज तेल कोणी लावले? यांनी. दोन्ही मुलांची टाळू कोणी भरली? यांनी. नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ-माखू कोणी घातले? यांनीच. आठच दिवसांपूर्वीच्या नरक चतुर्दशीला पहाटे चारला उठून मुलाला, नातवाला तेल-उटणे लावले, आणि पाडव्याला रिवाजाप्रमाणे पाटावर बसवून आम्हाला. त्या सकाळी आम्ही डोळे मिटून कढत तेलाचे सुख घेत होतो, तेव्हा ते चोळणारा हात याच जखडलेल्या खांद्याचा होता. आम्ही ओवाळणी घातली आणि देणे फिटले असे समजलो. पुढे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर बोटभर तेल थापले आणि अभ्यंगस्नान उरकले. शास्त्र झाले, चुलीवर दूध उतू जात होते.

समोरच्या भिंतीवर अनंतशयनाचे मोठे चित्र होते. तिरुअनंतपुरमचे देवस्थान त्याच रूपाचे, त्यामुळे त्या प्रांतात हे चित्र जागोजाग दिसते. शेषावर पहुडलेले श्रीविष्णू आणि पायांशी लक्ष्मी. हेच चित्र आमच्या वडिलांच्या देवघरात होते. लक्ष्मी पाय चेपते आहे, यात वेगळे काही पाहावे असे आमच्या मनात पन्नास वर्षांत आले नव्हते. त्या दिवशी मात्र प्रथमच वाटले की, ही माउली किती युगे याच आसनावर बसून आहे आणि चित्रकारांपैकी एकालाही तिच्या मनगटांची चौकशी करावीशी वाटली नाही.

मराठीचा विद्यार्थी असल्याने मन शब्दांकडे वळले. अभ्यंग, मर्दन, चोळणे, रगडणे, चेपणे : या एका कृतीला आपल्याकडे किती शब्द आहेत! हिंदीत 'चाँपना' म्हणतात. त्याचेच रूप इंग्रजांनी उचलले आणि त्यातून 'शाम्पू' हा शब्द झाला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद नावाचा माणूस इंग्लंडातल्या ब्रायटन गावी जाऊन स्नानगृह काढून बसला आणि पुढे चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांचा चंपीवाला म्हणून मान्यता पावला. म्हणजे अंग चेपून घेणे ही राजालाही न लाजवणारी गोष्ट. लाज आणली ती बंद दारांमागे चालणाऱ्या दुसऱ्या व्यवहारांनी, आणि त्यात हकनाक बदनाम झाला चेचीसारख्यांचा कष्टाचा हात. सकाळी घसा साफ करताना आम्हीही त्या बदनामीत आपली चिमूट टाकली होती.

तासाने वर गेलो. खोलीत तिळाच्या तेलाचा आणि वनस्पतींचा दाट वास भरला होता. सौभाग्यवती ऊन पाण्याने अंग धुऊन खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा न्हालेल्या लेकरासारखा. हात खांद्याच्या वर जाऊ लागला होता, फार नाही, पण केसांपर्यंत. चेची मेणकापडाची घडी घालत होती. ठरलेली रक्कम केंद्राकडे जाणार होती, म्हणून आम्ही वेगळे काही तिच्या हातावर ठेवले. नमस्कार करून ती गेली.

बराच वेळ शांततेत गेला. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मी तिच्याशी खोटं बोलले."

"काय बोललीस?"

"ती विचारत होती, घरी तुम्हाला तेल कोण लावतं? मी म्हटलं, सून लावते, दर शनिवारी."

आमची सून पुण्यास नोकरी करते आणि वर्षातून दोनदा इंदुरास येते. मुलगी चांगली आहे, दोष तिचा नाही. पण परक्या प्रांतातल्या, पुन्हा कधी न भेटणाऱ्या बाईपुढेही आपल्या घराची अब्रू झाकावी, असे ज्या बाईला वाटले, तिच्या त्या घरात आम्ही तेहतीस वर्षे राहत होतो. खोटे बोलणाऱ्या मुलांना आम्ही नेहमी एकच प्रश्न विचारतो : खरे सांगायची लाज का वाटली? तो प्रश्न त्या दिवशी त्यांना विचारायचे धैर्य आम्हाला झाले नाही, कारण उत्तर समोरच्या आरशात उभे होते.

"मग मीही तिला विचारलं," त्या पुढे म्हणाल्या, "तुझ्या हातांना कोण तेल लावतं? ती नुसती हसली."

प्रवासाहून परतल्यावर आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांना खांदा दाखवला. आखडलेला खांदा, असे निदान झाले. चाळिशी-साठीच्या दरम्यान, विशेषतः स्त्रियांत आणि मधुमेह्यांत, तो अधिक आढळतो. व्यायाम नेमाने करावा लागतो, तेलाने आराम पडतो पण मूळ दुखणे तेवढ्याने जात नाही, असे त्यांनी बजावले. वाचकांपैकी कुणावर परगावी असा प्रसंग आला, तर दारात कुजबुजणाऱ्याचे ऐकू नये, मुख्य कचेरीत जाऊन मोकळ्या आवाजात विचारावे, दर आणि वेळ आधी ठरवावी, स्त्रीसाठी स्त्रीच मागावी. ताप, जखम, पायात रक्ताची गाठ, नवी शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून अंगाला हात लावू देऊ नये. आणि येणाऱ्या बाईला एक पेला पाणी विचारावे. आम्ही ते विसरलो होतो.

आता आमच्या घरी रविवारी सकाळी वाटीभर तिळाचे तेल गरम पाण्यात ठेवले जाते. ते ठेवणारे आम्ही. पहिल्या रविवारी सौभाग्यवतींनी पदर घट्ट ओढून घेतला आणि "लोक काय म्हणतील" असे म्हणाल्या, वास्तविक घरात तेव्हा लोक म्हणून आम्ही दोघेच होतो. दुसऱ्या रविवारी "जरा हळू, ही शाळेची घंटा नव्हे" असे सुनावले. आता खांद्यापुरती परवानगी मिळाली आहे. परवा चालून चालून त्यांची पावले सुजली, म्हणून आम्ही वाटी घेऊन खाली बसलो, तर झटक्यात पाय आखडून घेत म्हणाल्या, "पायांना हात लावू नका हो, पाप लागेल मला."

आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. वाटी जवळच्या पाटावर ठेवली आणि तेल निवू नये म्हणून वर झाकण घातले.