आग वाचता येते!

धूर आधी छताला जातो. तिथं पसरतो, भिंतींना टेकतो, मग थरावर थर चढून खाली उतरायला लागतो. आणि त्या काळ्या थराखाली, फरशीलगत, हातभर उंचीची श्वास घेण्याजोगी हवा थोडा वेळ शिल्लक राहते. त्या हातभर हवेतून रांगत माणूस बाहेर पडू शकतो! केवढी साधी गोष्ट, आणि ती मला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो हे शाळेत पाठ केलं, पेपरात लिहिलं, गुण मिळवले. पण आगीत बहुतेक माणसं ज्वाळेआधी धुरानं जातात, हे फायर मार्शलच्या प्रशिक्षणात कळलं आणि तेव्हापासून माझं बघणंच बदललं.

मी जुळे सोलापुरात राहते आणि शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर काम करते. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. त्यानंतर रुग्णालयांत आगीचा विषय एकदम ऐरणीवर आला. आमच्याकडेही कर्मचाऱ्यांतूनच फायर मार्शल तयार करायचं ठरलं आणि यादीत माझं नाव आलं. मला वाटलं होतं, एखादं व्याख्यान होईल, चहा-बिस्किटं होतील, प्रमाणपत्र मिळेल. छे! जे मिळालं त्यानं मी अक्षरशः भारावून गेले आहे आणि भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

फायर मार्शल म्हणजे अग्निशामक दलाचा जवान नव्हे. गाडी यायच्या आधी जो तिथं हजर असतो, तो फायर मार्शल. दुकानातला, वॉर्डातला, मंडपातला, कारखान्यातला साधा माणूस, फक्त शिकलेला. दारं मोकळी आहेत का, आग विझवायच्या सिलिंडरच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, मेन स्विच कुठे, हे त्याला रोजचं माहीत असतं. आग लागली की 101 ला फोन, माणसं बाहेर, बाहेर आल्यावर मोजणी, आणि गाडी आली की जवानांना नेमकी माहिती: आत कोण राहिलंय, कुठल्या खोलीत, वीज तोडली की नाही. आमचे प्रशिक्षक, आयुष्यभर आगीशी झुंजून निवृत्त झालेले, सांगत होते, ‘‘मॅडम, आमची गाडी किती का वेगात येईना, पहिली तीन मिनिटं तुमचीच असतात.’’ हे वाक्य मी कधीही विसरणार नाही.

आणि ती प्रात्यक्षिकं! मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, पत्र्याच्या ट्रेमध्ये पेटलेलं डिझेल, आणि हातात सहा किलो पावडरचा सिलिंडर. पिन ओढायची, वारा पाठीशी घ्यायचा, नोझल ज्वाळेच्या मुळाशी धरायचं, दांडा दाबायचा आणि डावीउजवीकडे झाडत पुढं सरकायचं. आपला हात आपसूक वर उसळणाऱ्या ज्वाळेकडे जातो, तिथं मारून काही उपयोग नाही. जळतं आहे ते खाली. मुळाशी मारा बसला आणि आग गप्पकन बसली! पण सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून विझली नाही तर मागं फिरायचं, आणि आपल्या मागं बाहेर जायचा रस्ता आहे हे आधीच बघून ठेवायचं. मग सरांनी कढईतल्या पेटलेल्या तेलावर लांब दांड्याच्या पळीनं थोडंसं पाणी टाकून दाखवलं. घराएवढा लोळ उठला. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1700 पट फुगतं. उकळत्या तेलाच्या तळाशी गेलेलं पाणी फुगताना सगळं तेल पेटतं बाहेर फेकतं. तीच कढई त्यांनी पुन्हा पेटवली, घट्ट बसणारं झाकण कडेनं सरकवत ठेवलं. संपली आग! हवा तोडली, बस्स.

पण मी सगळ्यात जास्त थरारले ते चादरीनं. आपल्या सोलापुरी चादरीनं! चालता न येणाऱ्या रुग्णाला उचलायला दोन-तीन माणसं लागतात आणि ती सगळी धुराच्या थरात उभी राहतात. त्याऐवजी चादर पलंगाशेजारी जमिनीवर पसरा, रुग्णाला अलगद तिच्यावर घ्या, डोक्याकडचा काठ मुठीत गुंडाळा आणि कमरेत वाकून फरशीवरून ओढत न्या. एकटी बाई मोठ्या माणसाला हलवू शकते. मी हलवलं! आणि रुग्ण त्या हातभर स्वच्छ हवेतच राहतो. चादरीची वीण इतकी भक्कम की ती फाटायचं नाव घेत नाही. लहानपणापासून जी पांघरली, तिच्यात एवढी ताकद आहे हे कळल्यावर मला भरून आलं.

याच शहरात 18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्यात तिथंच राहणारं कुटुंबही होतं. ती बातमी ऐकून सगळं सोलापूर हळहळलं. आता प्रशिक्षणानंतर मला त्यामागचं शास्त्र कळतं. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत धुमसत राहतो. गाठ फोडून, उलगडून, आतपर्यंत भिजवल्याशिवाय भरवसा नाही. मागावर उडणारी तंतूंची धूळ तुळयांवर, ट्यूबलाइटवर, वायरिंगवर साचते आणि तिच्यावरून ठिणगी या टोकापासून त्या टोकाला पळते. म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये रोज छतापर्यंत झाडू फिरवणं हे आग विझवण्याचंच काम आहे, आधी केलेलं! आणि जिथं सूत साठवलंय तिथं माणूस झोपत असेल, तर त्याला दुसरा दरवाजा हवाच हवा.

देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, त्यामागची कथाही कापसाचीच. 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकत्र भरलेली होती. दुपारी धूर दिसला, जवान पाणी मारत राहिले, चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. ते पळाले नाहीत! हे ऐकलं तेव्हा वर्गात कुणी बोलेना.

प्रशिक्षण संपलं, पण मी काही थांबले नाही. सर सुट्टीच्या दिवशी गावोगावी शिबिरं घेतात, मी त्यांच्यासोबत मदतनीस म्हणून जाऊ लागले. आणि गावात गेल्यावर कळलं की खरी गरज इथं आहे. तालुक्याच्या गावावरून गाडी निघणार, कच्च्या रस्त्यानं वस्तीवर पोचणार, तोवर कडब्याची गंजी राख झालेली असते. गंजी गोठ्याला चिकटून, गोठा घराला चिकटून, वरून महावितरणची लोंबलेली तार. उसाचं तर विचारूच नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं पाचट, वारा, आणि तारांना तारा घासून पडलेली एक ठिणगी. पेटलेल्या फडाच्या मागं धावून उपयोग नसतो. वाऱ्याच्या दिशेला पुढं जाऊन कोयत्यानं चार-सहा सऱ्या मोकळ्या करायच्या, पाचट ओढून पट्टा स्वच्छ करायचा, म्हणजे आगीला पुढं खायला उरत नाही. हे शेतकऱ्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे; त्यांना हवी असते ती आधी ठरवलेली वाटणी, कुणी कुठं उभं राहायचं याची.

एका वस्तीवर सरांनी विचारलं, ‘‘आग लागली तर पाणी कुठून?’’ सगळे म्हणाले, विहिरीवरून, मोटर चालू करू. ‘‘आणि आग लागली म्हणून वीज बंद केली की?’’ सगळे एकमेकांकडे बघू लागले. मोटर विजेवर, आणि आगीत पहिली तोडायची ती वीज! तेवढ्यात एक डाळिंबवाले दादा उठले आणि म्हणाले, ‘‘आमचा ब्लोअर हाय की! ट्रॅक्टरवर चालतो, टाकी कायम भरलेली.’’ अहो, काय सांगू! डाळिंबाला, द्राक्षाला फवारणी करायचं ते यंत्र, ट्रॅक्टरच्या ताकदीवर चालणारा पंप, पाचशे-सहाशे लिटरची टाकी, लांबच लांब पाइप. वीज नको, विहीर नको. सोलापूर जिल्ह्याच्या फळबागांत अशी यंत्रं जागोजागी उभी आहेत. औषध धुऊन टाकी साध्या पाण्यानं भरून ठेवली की गावाच्या पहिल्या तीन मिनिटांचा बंब तयार. आम्ही तिथंच गंजीचा छोटा ढीग पेटवून चालवून बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

मग सरांबरोबर कोकणातही जाऊन आले, दापोलीजवळ हर्णै बंदरात. आम्ही सोलापूरची माणसं, टँकरची वाट बघत वाढलेली. समोर अथांग पाणी बघून वाटलं, इथं आगीची काय भीती? पण बोटीवर उतरून बघा. डिझेलची टाकी, तापलेलं इंजिन, स्वयंपाकाचा गॅस, बॅटऱ्या, नायलॉनच्या जाळ्यांचा डोंगर, आणि पळायला जागा नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अलिबागजवळच्या समुद्रात मच्छीमार बोट पेटली. सगळे खलाशी वाचले, पण बोट आणि जाळी जळाली. डिझेल पाण्यावर तरंगतं, म्हणून नुसतं पाणी ओतलं की जळतं डिझेल बोटभर पसरतं. तिथं फेस हवा, पावडर हवी, आणि इंधनाचा कॉक बंद करता येईल असा इंजिनपासून लांब हवा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून खेटून उभ्या करतात, वेल्डिंग चालतं, फायबरचं काम चालतं. तेव्हा एका बोटीची ठिणगी शेजारच्या जाळीवर. एक तांडेल हे सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी पावडरचा सिलिंडर स्वतः उचलला आणि इंजिनाच्या खोलीतून काढून सुकाणूपाशी आणून बांधला. आग लागल्यावर आगीतच शिरून सिलिंडर आणायचा का? किती बरोबर! मला तो क्षण फार आवडला.

बायकांना हे जमेल का, असं अजून विचारतात. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून बाहेर पडलेली पहिली महिला हर्षिनी कान्हेकर. पुढं ओएनजीसीत त्यांनी हेच काम केलं. विषय संपला.

आता मी आमच्या इमारतीचा जिना चढते तेव्हा मला तो धुराडं दिसतो. तळाशी मीटरची पेटी, तिच्याशेजारी चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर, वर गच्चीच्या दाराला कुलूप, प्रत्येक मजल्यावर चपलांचं कपाट, खोक्यात बांधलेला कूलर. खाली काही पेटलं तर सगळा धूर इथूनच वर येणार आणि माणसं इथूनच खाली जाऊ बघणार. बाल्कन्यांना लोखंडी जाळ्या, त्यांना उघडणारी खिडकी नाही. विजापूर रोडपासून होटगी रोडपर्यंत बघा, किती इमारती अशाच! महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. बसवलेली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो, आणि दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून तसं प्रमाणपत्र घ्यायला सांगतो. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत सचिवांना एवढंच विचारा: आपलं जुलैचं प्रमाणपत्र कुठं आहे?

आणि शिका हो, मनापासून सांगते! येत्या एप्रिलच्या सप्ताहात जवळच्या अग्निशमन केंद्रात जा, आपल्या सोसायटीत, शाळेत, तालमीत प्रात्यक्षिक मागा, सिलिंडर स्वतःच्या हातानं चालवून बघा. प्रत्येक जिन्याला, प्रत्येक वस्तीला, प्रत्येक बोटीला एक तरी शिकलेला माणूस हवा. गच्चीचं कुलूप आणि जिन्यातली अडगळ मात्र एप्रिलची वाट बघत ठेवू नका. ती आज संध्याकाळीच काढा.