कोळ्याचे घर

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाने मराठीत लिहावे, आणि तेही कोळ्यावर, हे कुणाला विचित्र वाटेल. पण विषयच घरात शिरला, त्याला इलाज नव्हता. आमच्या ‘आम्ही’ला कुणी मोठेपणा समजू नये. घरात ‘हम’ म्हणायची सवय, ती मराठीतही तशीच उतरते.

आम्ही गंगापूर रोडला राहतो, शाळा जुन्या नाशकात. आमच्या आपांचा मुलगा अकरावीला आहे. कॉलेज जवळ पडते म्हणून तो आमच्याकडेच असतो. मागच्या पावसाळ्यात त्याचा एक दोस्त शिकायला परगावी गेला आणि जाताना आपला पाळीव प्राणी भाच्याच्या हवाली करून गेला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओला कापूस, आणि त्यावर पाय आखडून बसलेला एक काळा, केसाळ कोळी. पायांची टोके मात्र गुलाबी, मेंदी लावल्यासारखी.

अम्मी चार पावले मागे सरकल्या. “कोळी घरात येतो तो आपल्या मर्जीने. त्याला डब्यात घालून कोण आणतं?” म्हणाल्या. पण मारा, असे त्या म्हणाल्या नाहीत. हिजरतीच्या वेळी सौरच्या गुहेच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले, ही कथा त्यांनीच आम्हाला लहानपणी सांगितली. आमच्या घरी जाळे झाडतात, कोळी मारत नाहीत. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, समोरच्या झाडावर सोडून द्या. तेही शक्य नव्हते. हा कोळी दक्षिण अमेरिकेचा. परमुलखातला जीव आपल्या झाडांवर सोडणे हा त्याच्यावरही अन्याय आणि इथल्या जीवांवरही. म्हणजे मारायचा नाही, सोडायचा नाही. उरला प्रश्न ठेवायचा कसा हा.

त्याचे शास्त्रीय नाव ॲव्हिक्युलारिया. लॅटिनमध्ये ‘ॲव्हिस’ म्हणजे पक्षी. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ मध्ये आपल्या मुलीला घेऊन सुरिनामला गेली. तिथले किडे, फुलपाखरे तिने पाहून पाहून रंगवली आणि १७०५ मध्ये पुस्तक छापले. त्यातल्या एका चित्रात मोठा कोळी झाडाच्या फांदीवर पक्षी खातो आहे. पुढे लोकांनी तिला खोटे ठरवले. १८६३ मध्ये हेन्री बेट्सने ॲमेझॉनच्या जंगलात कोळ्याने पक्षी मारल्याचे लिहिले, तेव्हा कुठे बाईंची बात खरी ठरली. ही हकिकत आम्ही आठवीच्या वर्गात सांगितली. मुली फार खूश झाल्या.

भाच्याला पेटी हवी होती ती सपाट, रुंद, चारी बाजूंनी लख्ख काचेची. वर दिवा, आत रंगीत खडे. दोस्तांना दाखवता आली पाहिजे! आम्ही म्हटले, “अरे, हा झाडावर राहणारा प्राणी. याला अंगण नको, जिना हवा.” फिश टँक बनवणाऱ्या कारागिराकडून आम्ही पेटी करून घेतली. तळ आठ इंच बाय आठ इंच, उंची बारा इंच. दार वर न ठेवता समोर ठेवले. हा कोळी आपले घर वरच्या अंगाला विणतो. झाकण वरून उघडले की दर वेळी त्याचे छप्पर फाटणार.

दुसरी गोष्ट हवा. पुष्कळ लोक समजतात, जंगलातला प्राणी आहे, त्याला ओलावा द्या, बंद ठेवा. त्या कोंदट ओलीतच हे कोळी मरतात. म्हणून एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर, अशी बारीक जाळी बसवून घेतली, म्हणजे वारा आरपार फिरतो. तळाला नर्सरीतून आणलेला कोकोपीटचा दोन इंचांचा थर. झाडाच्या सालीचा एक लांब तुकडा किंचित तिरका उभा केला, त्याच्या माथ्याशी प्लॅस्टिकची पाने. पाण्याची लहान वाटी. संध्याकाळी एका काचेवर पाण्याचे थोडे थेंब उडवायचे, ते तो पितो. सगळी पेटी भिजवायची नाही. नाशिकचा उन्हाळा कोरडा, पारा चाळिशीला जातो. थंडीत दहाच्या खाली उतरतो. म्हणून पेटी खिडकीशी न ठेवता आतल्या खोलीत ठेवली. दिवा लावला नाही.

खाणे आठवड्याला एक रातकिडा. खाल्ला नाही तर दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचा. कात टाकताना कोळी मऊ असतो, तेव्हा तोच रातकिडा त्याला चावून जखमी करू शकतो. तळहातावर घेऊन मिरवायची सक्त मनाई. त्याच्या पोटावरचे केस लागले की खाज सुटते, आणि चिडला तर तो मागच्या बाजूने विष्ठेची पिचकारी नेम धरून मारतो. भाच्याच्या शर्टाने हे अनुभवले आहे.

चार दिवसांत कोळ्याने सालीमागे दाट पांढऱ्या रेशमाची नळी विणली आणि तो आत गेला तो गेलाच. दिवसा कधीतरी गुलाबी टोके तेवढी दिसत. भाचा उदास झाला. “मामू, एवढी मेहनत केली, आणि दिसतच नाही!”

आम्ही त्याला म्हटले, “दिसत नाही म्हणजेच मेहनत फळाला आली. डब्यात तो चोवीस तास दिसत होता, कारण लपायला जागा नव्हती. घर दिलंस, म्हणून तो लपला.” पेटी बघणाऱ्यासाठी करायची की राहणाऱ्यासाठी, हे आधी ठरवावे लागते. दोन्ही एकदम साधत नाही.

वर्गात एका मुलीने विचारले, “सर, त्याला कैद वाटत नसेल?” खरे तेच सांगितले. मादी असेल तर एका ढोलीत वर्षानुवर्षे काढते, तिला फिरायची हौस नसते. नर असेल तर प्रौढ झाल्यावर घर सोडतो आणि मादीच्या शोधात रात्रभर चालतो. काचेच्या पेटीत ते चालणे कुठेच पोचत नाही. आमचा कोळी नर की मादी, ते तो मोठा झाल्यावरच कळेल. मुलगी गप्प बसली. आम्हीही.

मग भाच्याने नवे टुमणे काढले. “मामू, आपल्या सह्याद्रीतही झाडावरचे मोठे कोळी आहेत. एक देशी आणू या.” आहेत हे खरे. पेसिलोथेरिया रीगॅलिस त्याचे नाव. पोकॉक या इंग्रज अभ्यासकाने १८९९ मध्ये त्याची नोंद केली. करड्या अंगावर नक्षी अशी की सालीवर बसला तर नजर चुकावी. परदेशी शौकिनांत या गटाला भारी मागणी. म्हणूनच श्रीलंका आणि अमेरिका यांच्या प्रस्तावावरून २०१९ मध्ये हा सगळा गट ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातला गेला. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने या करारातल्या प्राण्यांची दखल घेतली आहे.

पण आम्ही भाच्याला कायदा नंतर सांगितला, आधी झाड दाखवले. आमच्या रस्त्यावर अजून काही जुनी झाडे उभी आहेत. असल्या कोळ्याला लागते ती अशाच जुन्या खोडातली ढोली. ती दहा-वीस वर्षांच्या रोपट्यात नसते. झाड तोडताना लोक सावली मोजतात, लाकूड मोजतात, फार तर घरटी मोजतात. ढोलीत दिवसभर दडून बसणाऱ्याला कोण मोजतो? बारा इंचांची पेटी करताना आपली एवढी दमछाक झाली. झाडाने ते सगळे तयार ठेवले आहे: उंची, अंधार, वारा, ओल. त्याला तिथून काढून आपण काय मोठे देणार?

भाच्याने पुन्हा हट्ट धरला नाही. हल्ली अम्मीच रोज फजरनंतर पेटीपाशी जाऊन पाण्याची वाटी बघतात. “दिसला का?” आम्ही विचारतो.

“नाही दिसला,” त्या म्हणतात. “म्हणजे खुशाल असेल.”