माळ्याची झाली खोली

माळा म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. कणग्या, मोठाले डबे, मोडका पाळणा, कुणाच्या तरी लग्नातल्या ट्रंका... जे टाकवत नाही ते माळ्यावर जातं. लातूरला आमच्या माहेरच्या घरात मधल्या घरावर असाच एक माळा होता. दादा नववीत गेला तेव्हा अण्णांनी तो रिकामा केला, फळ्या बदलल्या, झरोका मोठा केला आणि त्याची अभ्यासाची खोली केली. खोली म्हणायची एवढंच! फळ्यांपासून वरच्या माळवदापर्यंत जेमतेम पाच फूट. दादा दहावी-बारावी तिथे वाकूनच पास झाला :-)

गेल्या वर्षी भाच्याचं लग्न ठरलं आणि माळ्याची नीट, उभं राहता येईल अशी बेडरूम करायचं निघालं. राहायच्या खोलीला नऊ फूट, म्हणजे २.७५ मीटर उंची हवी. गवंड्याचा हिशोब सरळ होता: माळवद काढा, जुन्या भिंतींवर चार फूट वीटकाम चढवा, वर स्लॅब. दादाला पटलं. आई मात्र गप्प बसली.

आईच्या गप्प बसण्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आहे. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, जगाच्या हिशोबात फार मोठा नव्हे, पण जवळपास दहा हजार माणसं गेली. मारलं ते घरांनी. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण दगड मातीत बसवलेले. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. आणि डोक्यावर मातीचं माळवद. लातूर शहरातलं आमचं घर उभं राहिलं, एका कोपऱ्यात भेग पडली तेवढीच. पण त्या दिवसापासून आई मधल्या घरात झोपली नाही. थंडी असो, पाऊस असो, तिची बाज ओसरीवर, पत्र्याखाली.

भाच्याचा एक मित्र सिव्हिल इंजिनियर आहे. त्याने सगळ्यांना समोर बसवून कागदावर आकडे मांडले. बारा बाय दहाची खोली, वर दीड फूट माती. वजन आठ टनांच्या आसपास! ते उतरवून गवंडी चढवणार काय? वीटकामाचे सात टन आणि पाच इंची स्लॅबचे साडेतीन. म्हणजे मातीपेक्षा जास्त ओझं, तेही आणखी उंचावर, आणि खाली त्याच भिंती. उंच वजन भूकंपात जास्त हेलकावे खातं, हे त्याने टेबलावर डब्यावर डबा ठेवून दाखवलं. दादा मग काही बोलला नाही.

शेवटी ठरलं असं. मधल्या घराच्या चार कोपऱ्यांत स्वतंत्र पाया खोदून लोखंडी खांब. माळ्याची जमीन आणि छप्पर सगळं त्या खांबांवर. जुन्या भिंतींनी फक्त स्वतःला सांभाळायचं. त्यांच्यात जागोजागी आरपार दगड आणि माथ्यावर चारी बाजूंनी सिमेंट-सळईचा पट्टा. वर पफ पॅनेलचं छप्पर, सांगाड्यासकट तीनशे किलोच्या आत. खोटं कशाला बोलू, मे महिन्यात माळवदाखालचा गारवा त्याला येत नाही. पंखा लागतो, दुपारी तोही पुरत नाही.

माती उतरवायच्या दिवशी मी नांदेडहून पहाटेची एसटी धरली. लोहा, अहमदपूर करत पोचेपर्यंत पहिली ट्रॉली भरली होती. एकूण तीन भरल्या. आई अंगणात खुर्ची टाकून बघत होती. म्हणाली, "तुझ्या अण्णांनी दरसाल मृगाच्या आधी पांढरी माती आणून टाकली गं. गळू नये म्हणून."

तेव्हा मला ते माळवद पहिल्यांदा नीट दिसलं. दीड फूट माती कुणी एका दिवसात टाकत नाही. दर पावसाळ्याआधी एक थर, लेकरांच्या अंगावर पाणी पडू नये म्हणून. काळजीचेच थर ते, पण साठत साठत आठ टन झाले. अण्णांचं काही चुकलं नाही. १९९३ पर्यंत सरकारी नकाशातही हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा बदलला तो २००२ साली. आता २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडचे धक्के आम्हाला नांदेडात बसले, तेव्हा मी पंख्याकडे न बघता आधी भिंतींकडे बघितलं.

लग्न झालं. भाचा-सून वर राहतात, ताठ उभे राहून. पण दादाने फोनवर सांगितलेली बातमी वेगळीच होती. काम पूर्ण झाल्यावर आठवड्याभराने आईने आपली बाज स्वतःहून ओसरीवरून मधल्या घरात ओढायला लावली. कुणी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "आता वर काय नाही."

तुमच्या गावाकडच्या घरावर मजला चढवायचा विचार असेल, तर गवंड्याला बोलवायच्या आधी एवढं करा. वर चढून माती किती आहे ते मोजा, आणि खाली भिंत कशाची आहे ते बघा.