रिकामा रकाना

आमची कडोली शेतीभातीची. समुद्राशी आमचा संबंध एवढाच की, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने पूर्वी बैलगाड्यांतून मीठ येत असे, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. आपल्यापैकी अनेक जुन्या घराण्यांत अशाच आठवणी असतील. सेवानिवृत्तीनंतर त्याच रस्त्याने, आंबोली घाट उतरून, आम्ही नातवाला घेऊन वेंगुर्ल्यास गेलो.

अमावास्येची ओहोटी होती. बंदराजवळचे खडक उघडे पडले होते. एका खळग्याच्या कडेला अंगठ्याच्या पेराएवढा, लांबट, करडा जीव खडकाला चिकटून बसला होता. ‘‘आजोबा, हे काय?’’ नातवाने विचारले. ‘‘शिंपला,’’ आम्ही तत्काळ उत्तरलो. पोराने वाकून बोटाने मोजले आणि म्हणाला, ‘‘शिंपल्याला आठ तुकडे कसे?’’

आमचे उत्तर चुकले होते. पण ते कबूल करण्याऐवजी आम्ही फळे कापण्याचा चाकू काढला आणि तो जीव खडकावरून उचकटला. तो सहजी सुटेना. सुटला तेव्हा त्याचा मांसल पाय फाटलेला होता. तशाही स्थितीत त्याने अंग आक्रसून पोटाशी वेटोळे केले. आम्ही त्याला पाण्यात ठेवले. भरती येईपर्यंत त्याने हालचाल केली नाही.

घरी आल्यावर नातवाने पुस्तके चाळली. त्या प्राण्याचे नाव कायटन. शंख-शिंपल्यांच्याच मृदुकाय कुळातला, परंतु पाठीवर एकामागोमाग आठ पट्ट्या आणि त्यांभोवती कातडी कमरपट्टा. खडकावरील शेवाळ तो जिभेवरच्या दातांनी खरवडून खातो. त्या दातांवर मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे आवरण असते, हे हाइन्झ लोवेनस्टाम यांनी १९६२ साली दाखवून दिले. आमच्या चाकूपुढे तो जीव दुबळा ठरला खरा. पण खडक झिजविणारे दात त्याच्याच तोंडात होते!

ओळख पटविताना रंगावर विसंबून चालत नाही. एकाच जातीत अनेक रंग आढळतात. पाहायचा तो कमरपट्टा: त्यावर खवले आहेत, काटे आहेत की केसांचे झुबके? छायाचित्रात दोन्ही कडांना राठ केसांचे झुबके स्पष्ट दिसत होते. एकूण अठरा. त्यावरून वंश ठरला, अकँथोचिटोना. जात ठरविण्यासाठी मात्र पट्ट्या सुट्या करून त्यांवरील कण आणि कडांच्या खाचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. छायाचित्र तेथे अपुरे पडते.

‘‘मग जातीचा रकाना?’’ नातवाने वही पुढे केली.

आम्हांस एकदम कचेरीतले टेबल आठवले. सेवेत असताना आमच्या टेबलावरून रिकामा रकाना कधी पुढे गेला नाही, याचा आम्हांस अभिमान होता. एकदा वारसा नोंदीसाठी एक वृद्धा आली. मोकळे कपाळ, मृताच्याच घरात वास्तव्य. आम्ही न विचारताच कन्नडमध्ये ‘सोसे’, म्हणजे सून, असे लिहून मोकळे झालो. ती मृताची मुलगी होती, वैधव्यानंतर माहेरी परतलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी तिने किती खेपा घातल्या, हे आम्हांस बदलीच्या गावी समजले. तिची क्षमा मागण्यास आम्ही गेलो नाही. पुढे जायचे ठरविले, तेव्हा ती हयात नव्हती.

तो एक शब्द लिहिण्यास आम्हांस क्षणभरही लागला नव्हता. आणि ‘बाई, तुम्ही मृताच्या कोण?’ एवढे विचारण्यासही तेवढाच वेळ लागला असता.

नातू पेन्सिल धरून थांबला होता. ‘‘अंदाजाने लिहू का एखादे नाव? बाई तपासणार नाहीत.’’

‘‘नको,’’ आम्ही म्हणालो. ‘‘वंश लिही. पुढे लिही, जात अनिश्चित.’’

त्याने तसे लिहिले, आणि खाली, आम्ही न सांगताच, आणखी एक ओळ घातली: ‘नमुना उचकटताना जखमी झाला.’ ती ओळ खोडायला आम्ही त्याला सांगितले नाही.