डबाभर पाणी

सांगलीच्या माणसापुढे ‘नावेत थोडे पाणी येते’ असे कोणी सहज बोलू नये. त्याच्या पोटात गोळा उठतो. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले होते. तिथली धोक्याची खूण ४५ फुटांची. आम्ही आमच्या गल्लीतून नावेत बसून बाहेर पडलो, तोही मी नावेच्या काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरून. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी नाव उलटली आणि बायकामुले बुडाली. ती नाव उलटली होती, गळून बुडाली नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण भीतीला असला बारीक भेद कळत नाही.

तर त्यानंतर तीन वर्षांनी, २०२२च्या भाऊबीजेला, मी ताईकडे निघालो. ताईचे सासर म्हणजे जगाच्या पलीकडचे गाव. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरायचे आणि तिथून पुढे कोयनेच्या शिवसागरातून लाँचने पलीकडच्या काठाला जायचे. धरणात पाणी अडले तेव्हा जुनी गावे, शेते आणि वाटा सगळे तळाला गेले. कितीतरी लोक दूरदेशी वसले. जे डोंगरात वर सरकून राहिले त्यांना पाणी हाच रस्ता उरला. बाजार, दवाखाना, पोरांची शाळा, सगळे लाँचवर. त्यातली एक लाँच आमच्या दाजींची.

लाँच तशी रुबाबदार. लाकडी बांधणीची, डोक्यावर पत्र्याचे छप्पर, केबिनला सरकत्या काचा, दोन्ही अंगांना बाके आणि मधोमध पेटीखाली डिझेलचे इंजिन. सणाची गर्दी होती. मी ताईच्या साडीची पिशवी बाकाखाली सरकवली आणि खिडकीबाहेर वासोट्याकडे बघत बसलो. उतरताना पिशवी उचलली, तो खालून पाण्याची धार! साडीचा पदर आणि अर्धा काठ भिजून चिंब.

ताईने ओवाळले, साडी दोरीवर वाळत घातली आणि हसली. मला मात्र हसू येईना.

“दाजी, लाँचमध्ये पाणी येतंय.”

“पाव्हणं, लाकडाची नाव हाय. डबाभर पाणी यायचंच. पोरगं उपसतंय की रोज.”

“पण येतंय कुठून?”

“आता पाणी का सांगून येतंय व्हय?”

त्या ‘रोज’ने माझी झोप उडाली. दिवाळीची सुट्टी संपली की याच लाँचमधून शाळेची पोरे जाणार होती. त्यांत माझी दोन भाचरेही होती.

दुसऱ्या दिवशी लाँच धक्क्याला रिकामीच होती. मी सदऱ्याच्या बाह्या सारून कामाला लागलो. माझा एक रत्नागिरीचा मित्र सांगे, की समुद्रावरची माणसे असे पाणी बोटाने जिभेला लावतात. खारट लागले तर ते तळातून आले, गोड लागले तर पावसाचे किंवा पिण्याच्या पिंपातले. मीही मोठ्या ऐटीत बोट चाटले. गोड! मग लक्षात आले, की इथे वरचेही गोड आणि खालचेही गोड. दाजींनी तोंड फिरवून हसू दाबले.

मग मी जरा डोके चालवले. नावेत पाणी येण्याच्या वाटा तीन: तळाच्या सांध्यांतून, छपरा-खिडक्यांतून, किंवा इंजिनाच्या भानगडीतून. तिन्ही एकदम तपासल्या तर काहीच कळणार नाही. म्हणून आधी तळ फडक्याने कोरडा ठणठणीत पुसला आणि रात्रभर लाँच तशीच ठेवली. सकाळी कोरडी. मग बादल्यांत कपड्यांची नीळ कालवून छपरावर आणि काचांवर ओतली, म्हणजे आत निळा थेंब दिसला की चोर सापडला. निळे झाले फक्त दाजींचे धोतर. शेवटी लाँच धक्क्याला बांधूनच तासभर इंजिन चालवले. इंजिन थंड ठेवायला तलावाचेच पाणी नळीने आत घेतलेले असते, त्या नळीच्या पट्ट्या हाताने चाचपल्या. त्याही कोरड्या. मागे पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो, तिथे मात्र दोन-चार थेंब टपकत होते. मी ओरडलोच, “सापडलं!”

“ते गळायलाच पायजे,” दाजी शांतपणे म्हणाले. “तिथं पॅकिंग असतं. लई आवळलं तर दांडा तापतो आन् झिजतो. फिरताना थेंब पडला पायजे, थांबल्यावर थांबला पायजे.”

इंजिन बंद केले. थेंब थांबले. काही गळत्या यंत्राच्या प्रकृतीला आवश्यक असतात, हे ज्ञान मला तोवर नव्हते.

तिन्ही परीक्षांत लाँच पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती आणि दाजी जिंकले होते. जिंकलेला माणूस जरा जास्त बोलतो. “आवो, कोयनेचं धरणबी झिरपतंय. आत बोगदे ठेवल्यात त्याला. म्हणून काय धरण पडलं?”

ही गोष्ट खरी होती. दगडाकाँक्रीटच्या एवढ्या मोठ्या भिंतीतून थोडे पाणी झिरपायचेच. ते एका जागी यावे आणि त्याच्यावर नजर राहावी म्हणून भिंतीच्या पोटात माणूस चालू शकेल असे बोगदे ठेवतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपात याच भिंतीला भेगा गेल्या. त्या बुजवून पुढे भिंतीला मागून जाड पुस्ती दिली. पण दाजींनी उदाहरण अर्धेच दिले होते.

“दाजी, तिथं ते पाणी मोजतात. काल किती, आज किती. तुम्ही मोजता का?”

दाजी गप्प झाले. ताई दारातून म्हणाली, “मी लिहीन. डबे मोजायला काय जातंय?”

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ताईचे अवघे राज्य होते. दुधाचा रतीब, डिझेल, लाँचच्या भाड्याचा गल्ला, सगळे त्या चौकोनांत. त्यांतच एका कोपऱ्यात उपशाचे डबे लिहायचे ठरले आणि मी सांगलीला परतलो.

घरी माझे चित्त ठिकाणावर नव्हते. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो की उगाच वाटे, हे कोयनेचेच पाणी. धरणातले बरेचसे पाणी वीज करून पलीकडे कोकणात उतरते हे खरे, पण जे इकडे सोडतात ते कराडला कृष्णेला मिळून आमच्याच दाराशी येते.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला.

“हे बघ, सुट्टी होती तोवर शून्य, शून्य, शून्य. रविवारी अर्धा डबा. शाळा सुरू झाल्यावर रोज तीन. आणि बाजारच्या दिवशी आठ. गल्ला जास्त त्या दिवशी पाणी जास्त. आमच्या घरी लक्ष्मी पाण्याच्या पावलांनी येते म्हणायची!”

मी खुर्चीतून उठलोच. रिकामी लाँच वर तरंगते. माणसे बसली की ती खाली दबते. म्हणजे भोक पाण्याच्या रेघेच्या वर होते आणि माणसे भरली की पाण्याखाली जात होते! आम्ही तिच्या सगळ्या परीक्षा घेतल्या होत्या, पण रिकामी असताना. आणि गळत होती ती नेमकी पोरे आत असताना.

पुढच्या रविवारी मी पुन्हा हजर. आम्ही वाळूची पोती भरून बाकांवर माणसांसारखी ओळीने बसवली. लाँच चांगली चार बोटे खाली गेली. घटकाभराने मागच्या कोपऱ्यात, माझी पिशवी भिजली होती तिथेच, पाणी चमकू लागले. बाक हलवले, कोपरा खरवडला, पण तिथे फटच नाही! दाजी, मी आणि गावातले एक म्हातारे नावाडी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, तिघेही त्या कोपऱ्याकडे बघत उकिडवे बसलो.

“पाणी दिसतं तिथनं येत न्हाई,” तात्या म्हणाले. “अस्तर काढा.”

केबिनच्या आतून शोभेच्या फळ्या मारल्या होत्या. त्या काढायला दाजींचा जीव होईना, नवा रंग दिला होता. शेवटी स्वतःच पहार घेतली. आत काळोख आणि ओल. बॅटरीच्या उजेडात सगळेच चकाकत होते. तेव्हा ताईने दिवाळीच्या रांगोळीचा डबा आणून दिला. “ही भुरभुरा. ओली झाली की काळवंडते. रोज अंगणात बघते मी.” लाकूड पुसून आम्ही सांध्यासांध्यावर रांगोळी भुरभुरली आणि वाट बघत बसलो.

पांढऱ्या भुकटीवर हळूहळू एक करडी रेघ उमटली. ती मागच्या कोपऱ्यातून निघून आडव्या पट्टीवरून पुढे, आणखी पुढे सरकत गेलेली होती, आणि तिचा उगम तब्बल सात-आठ हात पुढे, उजव्या अंगाच्या दोन फळ्यांच्या सांध्यात होता. पाणी शिरत होते नाळेजवळ आणि उगवत होते शेपटाला.

उजव्याच अंगाला का, तेही तात्यांनीच सांगितले. लाँच नेहमी डावी कूस धक्क्याला लावून बांधत. उजवी कूस वर्षानुवर्षे दुपारच्या उन्हात. पाण्याखालचे लाकूड फुगून सांधा घट्ट राहतो; वरचे वाळते, आक्रसते आणि सांध्यातले सूत कुजून गळून पडते. बाहेरून रंगाचा जाड थर होता, म्हणून फट दिसत नव्हती.

लाँच ओढून काठावर घेतली. तात्यांनी जुने सूत उकरून काढले, तेलात भिजवलेला नवा पेड पटाशीने ठोकून बसवला, वरून लांबी भरली. चार दिवस शाळेची पोरे दुसऱ्याच्या होडीतून गेली आणि दाजींचा गल्ला बुडाला, त्याबद्दल त्यांनी मला दोन-तीनदा ऐकवले. मग पुन्हा पोती भरून लाँच दिवसभर पाण्यात ठेवली, तेव्हा कुठे माणसे बसवली.

हल्ली लाँच एक दिवस डाव्या अंगाने बांधतात, एक दिवस उजव्या. बाहेरून दाजींनी तांबडी रेघ मारली आहे. रेघ पाण्याला टेकली की पुढचा माणूस धक्क्यावर राहणार, मग तो कोणी का असेना. त्या रेघेवरून त्यांची आजवर तीन भांडणे झाली. एक बोकड घेऊन आलेल्या म्हाताऱ्याशी, एक वासोट्याला निघालेल्या पुण्याच्या मंडळींशी, आणि एक गेल्या भाऊबीजेला माझ्याशी. मी दुसऱ्या खेपेने गेलो.