बेहड्याखालची रोपं

संगमेश्वर तालुक्यातला आमचा डोंगर वडिलांमागे माझ्या नावावर झाला, तेव्हा मी मुंबईत नोकरीला होतो. ऐन कुठला, किंजळ कुठला हेही मला कळत नव्हतं. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० मध्ये आली आणि जो तो डोंगर साफ करून कलमं लावू लागला. मीही ठेकेदार ठरवला. लाकूड विकायचं आणि काजू लावायचा, एवढंच डोक्यात.

वडिलांचे चुलतभाऊ तात्या तिथली शेती बघत. त्यांनी अडवलं नाही. “अर्धा डोंगर काजूला घे. पऱ्याच्या अंगाचा ठेव. आणि तो बेहडा तोडू नको,” इतकंच म्हणाले. बेहडा जुना, आतून पोकळ. यात माझं औदार्य काही नाही. ठेकेदाराने त्याला भाव दिला नाही, म्हणून तो राहिला.

पुढे एका शिमग्याला तात्यांनी मला करवंदीच्या जाळीआड बसवलं, बोलू दिलं नाही. आधी पंखांचा आवाज आला, मग महाधनेशाचा नर बेहड्याच्या खोडाला येऊन बिलगला. ढोलीचं तोंड विष्ठेने आणि फळांच्या चोथ्याने लिंपलेलं, मधे अरुंद फट. नराने मान झटकून गळ्यातलं वडाचं लाल फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. मग दुसरं, मग आणखी एक. आतल्या मादीच्या चोचीचं टोक तेवढं दिसत होतं. तिचं आणि पिल्लाचं पोट या एकट्यावर.

इतकी फळं हा आणतो कुठून, असं विचारलं तर तात्यांनी डोंगर फिरवला. वड, उंबर, नांद्रुक, पायर. एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा येतो. तरव्याच्या भाजावळीसाठी गावात सगळेच कवळं तोडतात. तात्या ती ऐन-किंजळीची तोडत, या झाडांना कोयती लावत नसत. दरसाल छाटलेलं झाड फळणार कुठून, हे मला तेव्हा कुठे उमगलं. त्यांना हे कुणी शिकवलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

पऱ्याकाठी लावायला मी आकेशियाची रोपं आणणार होतो, झटपट वाढतात म्हणून. “त्याचं फळ कोण खातो?” तात्यांनी विचारलं, आणि मृगाच्या पावसानंतर मला बेहड्याखाली नेलं. पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपं तिथे दाटीने उठली होती. त्यात काजराही होता. त्याचं बी विषारी, पण कवड्या धनेश त्याचा गर खुशाल खातो. दाटीतली रोपं मातीच्या गड्ड्यासकट उचलायची आणि पऱ्याकाठी लावायची. वडाची मात्र जाड फांदीच रोवायची. दिवाळीनंतर कडेचं गवत काढून जाळरेषा घ्यायची, नाहीतर एका वणव्यात सगळं जातं. माझी सगळी वृक्षलागवड ती एवढीच, आणि तीही उसनी.

तात्यांनी कधी मजुरी घेतली नाही. पहिल्या काजूची पिशवी दिली, तर निम्मी परत धाडली.

आता तात्या नाहीत. निवृत्तीनंतर मी गावीच आहे. रान दाटलं तशी वानरंही आली, काजू नासतात. तात्यांच्या नातवाकडे गाऱ्हाणं केलं, तर तो हसत म्हणाला, “काका, आजोबांनी अर्धाच डोंगर काजूला घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही वरची पट्टीही घेतलीत.”