बोटाचा दुसरा थेंब

गवयाला कुणा वैऱ्यानं विड्यातून शेंदूर खाऊ घातला आणि त्याचा आवाज कायमचा गेला, ही गोष्ट आपल्याकडे नाटकमंडळ्यांच्या काळापासून सांगितली जाते. गवयाचं नाव दर वेळी बदलतं, शेंदूर तोच राहतो. गोष्ट खरी की खोटी ते सोडून देऊ, पण तिच्यामागची समज पक्की आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड आणि शिसं नसांना मारतं. शेंदूर पोटात गेला तर घात होतो, हे जुन्या बायकांना ठाऊक होतं. वैद्यकशास्त्राला मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळत गेलं, की घात व्हायला आवाज जाण्याइतकं शिसं लागतच नाही. त्याहून कितीतरी कमी शिशानं लहान मुलाची बुद्धी खुरटते, आणि वरून काहीच दिसत नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात काम करतो. आया सांगतात, ‘डॉक्टर, याचं अभ्यासात ध्यानच नाही, पोट दुखतं म्हणतो, माती खातो.’ मूल फिकट दिसतं. जंताचं औषध आणि लोहाचं सिरप दिलं जातं आणि ते योग्यच असतं. पण घरात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या कोण खोलतं, वडील गॅरेजच्या कपड्यांनिशी घरी येऊन पोराला उचलून घेतात का, हे सहसा कुणी विचारत नाही. शिशाची शंका यावी असं खास लक्षणच नसतं. जे दिसतं ते रक्तक्षयात दिसतं, जंतांत दिसतं आणि कधी नुसत्या गरिबीतही दिसतं.

मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचं आतडं चार-पाच पट शिसं शोषतं. पोटात लोह कमी असेल तर आणखीच, कारण लोहाला आत नेणारी प्रथिनंच शिशालाही आत नेतात. आपल्याकडची रक्तक्षयी मुलं म्हणजे दुहेरी जोखीम. आत गेलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं बसून राहतं आणि ती मुलगी पुढे आई होते तेव्हा हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचतं. कुठलीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. दर १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम आढळले की स्रोत शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांना साधारण ४५च्या पुढे द्यायची असतात. अमेरिकेत मध्यम पातळीच्या मुलांना असं औषध देऊन पाहिलं. २००१ साली निष्कर्ष आला: रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीची झालेली हानी भरून निघाली नाही. म्हणून या आजारात दवाखान्याचं काम थोडं आणि सरकारी कार्यक्रमाचं काम फार मोठं आहे.

आणि ते काम होऊ शकतं. २००० साली देशभर पेट्रोलमधून शिसं गेलं. त्याआधी तपासलेल्या मुंबईच्या मुलांत सुमारे ६० टक्के जणांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं होतं. नंतरच्या एका पाहणीत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. एकाही मुलाला गोळी द्यावी लागली नाही. घरगुती रंगांसाठी दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. बांगलादेशात पिवळेपणासाठी हळदीत शिशाचं क्रोमेट घालत. तिथल्या संशोधकांनी आणि सरकारनं मिळून बाजारात तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला, लोकांना सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातले ४७ टक्के नमुने भेसळीचे होते, २०२१ मध्ये एकही नव्हता. हळद पिकवणाऱ्या आणि रोज खाणाऱ्या महाराष्ट्रानं हे उदाहरण नीट अभ्यासावं.

आपल्या गावांतले स्रोत मात्र विखुरलेले आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं हा सर्वांत घातक. नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये नवे आले, पण पत्र्याच्या शेडमागच्या भट्टीपर्यंत ते पोहोचत नाहीत. कल्हईच्या कथलात स्वस्तपणासाठी शिसं मिसळलं जाऊ शकतं. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांतूनही ते निघतं, आणि चिंच-आमसुलाच्या आमटीत चांगलंच उतरतं. वेशीवरच्या मारुतीच्या शेंदराबद्दल बोलताना मी फार जपून बोलतो. देवाला लावायला हरकत नाही, लेकराच्या कपाळावर आणि बोटांवर नको, एवढंच सांगतो. आता बाजारात दुसऱ्या रंगद्रव्यांचाही शेंदूर मिळतो, पण कुठल्या पुडीत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. आणि दिवाळीची रंगरंगोटी! दारांचा जुना ऑइलपेंट कोरडाच खरवडू नका. लाकूड ओलं करून घासा, त्या वेळी मुलांना आजोळी धाडा, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. १९९८-९९च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. सरकारी पाहणीत, घरोघर जाऊन, हातात मावणाऱ्या यंत्रावर. पुढच्या पाहण्यांत ते गळलं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. अंदाज, कारण आपण मोजणं सोडलं.

मोजणारे हात तर याच जिल्ह्यानं घडवून दाखवले आहेत. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि शाळा न पाहिलेल्या बायकांना गावाची आरोग्य कार्यकर्ती केलं. कुणाच्या घरात काय शिजतं आणि कोण कुठं कामाला जातं, हे त्या बायकांना डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असे. आज आशाताई आणि अंगणवाडीताई तेच जाणतात.

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्याच्या यादीत रक्तक्षय आहे, बौद्धिक वाढीतला विलंब आहे, अध्ययन अक्षमता आहे, अतिचंचलता आहे. या चारही गोष्टींशी शिशाचं नातं आहे, पण शिसं यादीत नाही. मागणी मोठी नाही. पथकाच्या फॉर्मवर बॅटरी, भांडी आणि रंग यांविषयी तीन प्रश्न असावेत. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचलं जातं तेव्हा दुसरा थेंब शिशासाठी घ्यावा, आधी साबणानं हात धुऊन, नाहीतर बोटावरची धूळच मोजली जाते. आकडा जास्त आला तर जिल्हा रुग्णालयात शिरेतलं रक्त तपासून खात्री करावी आणि त्याच आठवड्यात कुणीतरी त्या घरी जाऊन स्रोत शोधावा. सुरुवात ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडच्या मुलांपासून व्हावी. रक्तक्षयानं ती आधीच खचलेली असतात, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की तपासणीच्या दिवशी गावात नसतात. म्हणून पथकानं दिवाळीच्या आधी यावं.